आजच्या मॉक ड्रिलनंतर

आज ठाण्यातील एका मॉलमध्ये सशस्त्र हल्ल्याचे मॉक ड्रिल झाले आणि परिचारिका म्हणून मी त्यात सहभागी झाले. हल्लेखोर आत असताना जखमींजवळ कोणी आणि केव्हा जायचे, हा यातला खरा पेच आहे. संपूर्ण इमारत निर्धोक होण्याची वाट पाहिली, तर धमनीतून रक्त वाहणारा माणूस काही मिनिटांतच दगावतो. म्हणून गोळीबार थांबलेल्या, पण पूर्ण तपासणी न झालेल्या भागात पोलिसांच्या संरक्षणाखाली वैद्यकीय पथकाने शिरावे, रक्त थांबवणारा पट्टा आवळावा आणि जखमीला बाहेर काढावे, अशी पद्धत अनेक देशांनी स्वीकारली आहे. त्यासाठी पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांचे प्रमुख एकाच जागी उभे असावे लागतात. इंग्लंडमधील मँचेस्टरमध्ये २०१७ साली संगीत कार्यक्रमात बॉम्बस्फोट झाला तेव्हा तसे घडले नाही आणि अग्निशमन दल स्फोटानंतर दोन तासांहून अधिक उशिरा पोहोचले. आज आमच्याकडेही तिघांच्या वायरलेसचा मेळ बसला नाही, त्यामुळे निरोप धावत पोहोचवावे लागले. कोणाला आधी उपचार हवेत हे दाखवणाऱ्या लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या जखमींना बांधणे त्यामानाने सोपे गेले (जखमींची भूमिका करणाऱ्या महाविद्यालयीन मुलांना मात्र हसू आवरत नव्हते). पुढच्या सरावात गोळीबाराचा देखावा कमी झाला तरी चालेल, पण संयुक्त नियंत्रण केंद्र सुरुवातीलाच उभे राहिले पाहिजे, असे माझे मत आहे.