ताण लिंबाचा आणि ताण बटाट्याचा

आमच्या खानदेशात ‘ताण’ हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी वाईट अर्थानेच येतो असे नाही. लिंबाचा किंवा डाळिंबाचा बहर धरायचा म्हणजे आधी पाणी तोडायचे आणि पाने पिवळी पडून गळू लागली की खत टाकून पाणी सोडायचे, हे आमच्या घरी आजोबांपासून चालत आले आहे. पारोळ्याजवळच्या शेतात मी पहिल्यांदा अर्धा एकर बटाटा लावला तेव्हा हाच हिशेब माझ्या मनात होता, आणि तो चुकला.

लागवड नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. महिन्याभराने कालव्याचे आवर्तन बारा दिवस लांबले, आणि विहिरीत होते तेवढे पाणी मी हस्त बहराच्या लिंबाकडे वळवले. बटाट्याची पाने दुपारी माना टाकत आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहत, म्हणून पीक तग धरून आहे असे मी समजलो. पुढे पाणी आल्यावर सऱ्या तुडुंब भरून दिल्या. काढणीला मात्र झाडाखाली मोजकेच कंद निघाले; त्यांतले बरेच आल्याच्या गड्ड्यासारखे गाठाळ होते, सालीवर खरबरीत खवले होते आणि काहींत अळीची भोके होती.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळले की या प्रत्येक खुणेला वेगळे कारण आहे. लागवडीनंतर साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात जमिनीखालच्या फांद्यांची टोके फुगून कंद धरू लागतात, आणि झाडाला किती कंद राहणार हे बव्हंशी त्याच दिवसांत ठरते. तेव्हा वाफसा, म्हणजे मातीतला बेताचा ओलावा, मोडला तर संख्या घटते, आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती भरून निघत नाही. नंतरच्या पोसण्याच्या काळात कोरड पडली तर कंद लहान राहतात. त्यावर एकदम भरपूर पाणी मिळाले की थांबलेली वाढ डोळ्यांतून पुन्हा सुरू होते आणि गाठी येतात. कंद धरताना माती सुकी राहिल्यास खवल्यांचा जिवाणू बळावतो. आमची काळी जमीन तर सुकली की भेगाळते, आणि त्या भेगांतून बटाट्याची पाकोळी, म्हणजे ज्याची अळी कंद पोखरते तो पतंग, थेट कंदापर्यंत पोहोचून अंडी घालते. झाडाच्या बुडाशी मातीची भर नीट दिली असती तर निदान हे शेवटचे नुकसान टळले असते.

बटाटा इतका नाजूक का, याचे उत्तर मुळ्यांत आहे. त्याच्या बहुतेक मुळ्या वरच्या फूट-दीड फुटातच पसरतात. वांगे हे बटाट्याच्याच भावकीतले पीक, पण त्याच्या मुळ्या अधिक खोल जातात. शिवाय माती थोडी सुकली तरी बटाटा लगेच पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रे, मिटतो. त्यामुळे पाणी वाचते, पण अन्न तयार होणे मंदावते आणि पान तापते. कंद धरायला थंड रात्री लागतात, म्हणून उशिरा लावलेल्या पिकाला फेब्रुवारीत ऊन आणि कोरड एकत्र गाठतात.

मग ताण सोसणारा वाण सहज का निघत नाही? लागवडीच्या बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच, म्हणजे एकूण 48 गुणसूत्रे असतात. संकरातून आलेले प्रत्येक बी वेगळे निघते, आणि हजारो रोपांतून निवडत, बेणे वाढवत एक वाण हाती यायला दहा वर्षे किंवा त्याहून अधिक लागतात. त्यातच ताण सोसणे हा एक गुण नव्हे: खोल मुळी, पाणी जपून वापरणे आणि ताण सरल्यावर लवकर सावरणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोरड्यात टिकणारे झाड भरपूर पाण्यात मागे पडू शकते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले जुने स्थानिक बटाटे आणि रानटी जाती यांत हे गुण सापडतात, पण त्यांच्याबरोबर लहान कंद किंवा कडवटपणाही येतो, आणि तो काढण्यात पिढ्या जातात.

दुसरी वाट दुष्काळ चुकवण्याची, म्हणजे कोरड गाठण्याआधीच तयार होणाऱ्या वाणाची. महाराष्ट्राला दुष्काळाने होरपळले त्याच 1972 साली पठारी भागासाठी ‘कुफरी लवकर’ हा वाण प्रसारित झाला. त्याचे नावच मराठी आहे आणि गुणही तोच. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने अलीकडे कमी पाण्यासाठी ‘कुफरी थार’ मालिकेतले वाण दिले आहेत. मला मात्र आपल्याकडच्या चाचणीत एक प्रश्न विचारला जावासा वाटतो: हा वाण ताण सोसतो तो नेमका कितव्या दिवसाचा? आवर्तन तिसाव्या दिवशी चुकते की साठाव्या, यावर आमचे सगळे अवलंबून असते.

यंदा ठिबकवर चार सऱ्या वेगळ्या ठेवणार आहे. दोन सऱ्यांचे पाणी तिसाव्या दिवसापासून आठ दिवस बंद राहील, दोन सऱ्यांचे साठाव्यापासून, आणि प्रत्येक सरीचे कंद मोजून वजन वेगवेगळे लिहून ठेवीन.