सहलीला निघालेले इंजिन

पाचोऱ्याच्या स्थानकात, मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या मोठ्या रुळांपासून थोडी बाजूला, अडीच फूट रुंदीच्या रुळांवर जामनेरची गाडी उभी असे. 1918-19 च्या सुमारास सुरू झालेल्या या गाडीला सगळे ‘पीजे’ म्हणत आणि 56 किलोमीटरसाठी ती दोन तासांच्या आसपास घेई. शेंदुर्णीला मामांकडे जाताना तिच्यात बसणे आम्हाला मुळीच सुखाचे वाटत नसे, कारण दुधाच्या कॅना आणि वांग्यांच्या पाट्या ओलांडून खिडकीपर्यंत पोहोचेतो वरखेडी येऊन जाई. त्या दिवसांत कोणी या गाडीला ‘वारसा’ म्हटले असते, तर आजारी माणूस समजून दूधवाल्यांनी त्याला सरकून बसायला जागा दिली असती.

पुढे ‘फेअरी क्वीन’ या इंजिनाची हकीकत वाचली आणि माझ्या मनात एक गोष्ट रुतून बसली. इंग्लंडमधील लीड्स येथे 1855 साली तयार झालेले हे इंजिन ईस्ट इंडियन रेल्वेसाठी बंगालमध्ये आले, हावडा ते राणीगंज अशा मार्गावर टपालाच्या हलक्या गाड्या त्याने ओढल्या, 1857 च्या उठावात फौजाही वाहिल्या आणि 1909 मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर कित्येक वर्षे ते हावडा स्थानकाबाहेर चौथऱ्यावर नुसते उभे होते. पुढे चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत आणि तेथून दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेले. शेवटी दुरुस्ती होऊन 1997 मध्ये, म्हणजे तब्बल 88 वर्षांनी, ते पुन्हा मुख्य मार्गावर धावले. आता मात्र मागे टपालाचे डबे नव्हते, तर दिल्लीहून अलवरला दोन दिवसांच्या सहलीला निघालेले हौशी प्रवासी होते. अलवरला जाण्यासाठी याहून कितीतरी वेगवान गाड्या होत्या, हे त्या प्रवाशांना ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! त्यांना अलवरला पोहोचायचे नव्हते. इंजिनामागे बसायचे होते. ज्या यंत्राचा जन्म माणसांना लवकर पोहोचविण्यासाठी झाला, त्याला म्हातारपणी सावकाश नेण्याबद्दल मान मिळावा, ही मला मोठी मजेची गोष्ट वाटते.

जुनेपणाचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. निलगिरीच्या डोंगरी रेल्वेवर मेट्टुपालयम ते कुन्नूर या चढावर दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी आहे आणि तिच्यात दाते अडकवून चालणारी ‘एक्स’ वर्गाची इंजिने मुळात स्वित्झर्लंडमधील विंटरथूरची. चढताना इंजिन गाडीच्या मागे राहून तिला ढकलते. ही इंजिने थकली, तेव्हा तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कार्यशाळेने त्याच घडणीची नवी वाफेची इंजिने बांधली. वय कोवळे आणि रूप पणजोबांचे, अशा इंजिनाला जुने म्हणावे की नवे? मला तरी ते पुरेसे जुने वाटते, कारण त्या चढावर दाते अडकविण्याचे काम ते आजही करते. दिल्लीच्या संग्रहालयात 1875 साली प्रिन्स ऑफ वेल्ससाठी बांधलेला सलून, म्हणजे रेल्वेचा खास डबा, आहे. तो अस्सल आहे, देखणाही आहे, पण तो कोठेच जात नाही.

आमची पीजे मात्र या दोन्हींच्या मध्येच राहिली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत ती थांबली आणि पुढे तिच्या जागी रुंद रूळ टाकून ते बोदवडपर्यंत नेण्यास मंजुरी मिळाली. रुंद रूळ हवेच आहेत. जामनेरच्या माणसाने आमच्या हौसेसाठी दोन तास हेलकावे का खावेत? तरीही परवा मी मामांना म्हणालो, की एक इंजिन आणि दोन डबे ठेवून निदान पहूरपर्यंत सहलीची गाडी चालवायला हवी होती.

“आणि पहूरला उतरून करायचं काय?” मामांनी विचारले.

“काहीच नाही. चहा प्यायचा आणि त्याच गाडीने परत यायचं.”

मामा बराच वेळ सुपारी कातरत राहिले आणि मग त्यांनी विचारले, “दूधवाल्यांना बसू देतील का त्यात?”