आत्याच्या छोट्या इस्त्रीचे वय

आत्याच्या मागे माझ्याकडे आलेल्या वस्तूंमध्ये तळहातावर मावणारी एक बिडाची इस्त्री आहे. ती दोनशे वर्षांपूर्वीची आहे असे घरात सगळेच सांगत आले. पुढे ती कोणाच्या तरी हाती सोपवताना खरी माहितीही सोबत जावी असे मनापासून वाटत असल्याने मी तिचे वय शोधायला बसले.

आधी प्रकार ठरवावा लागतो. निखारे ठेवायला पोकळ पेटी आणि वर झाकण असेल तर ती कोळशाची इस्त्री. आमची मात्र भरीव, म्हणजे थेट शेगडीवर तापवायची. तिची दोन्ही टोके निमुळती आहेत आणि वरची कळ ओढली की लाकडी मूठ सुटून हातात येते. या दोन खुणांनीच बरेचसे काम झाले, कारण सुट्या मुठीच्या अशा इस्त्रीचे पेटंट अमेरिकेतील आयोवा राज्यात राहणाऱ्या मेरी फ्लॉरेन्स पॉट्स यांना 1871 मध्ये मिळाले होते. तीन इस्त्र्या आणि एक मूठ असा संच विकला जाई. एक वापरात असताना बाकीच्या तापत राहत आणि मूठ शेगडीपासून दूर असल्याने हात भाजत नसे. रोज इस्त्री करणाऱ्या व्यक्तीची अडचण इतकी नेमकी ओळखणारी ही रचना मला फार मोलाची वाटते.

म्हणजे दोनशे वर्षांची गोष्ट टिकत नाही. पण 1871 हे तिचे जन्मवर्षही नव्हे. पेटंटच्या सालावरून वस्तू त्याआधीची नाही एवढेच कळते, आणि या घडणीच्या इस्त्र्या पुढे अनेक वर्षे निघत राहिल्या. हेन्री सीली यांनी विजेच्या इस्त्रीचे पेटंट 1882 मध्ये घेतले, तरी वीज नसलेल्या घरांत बिडाचीच इस्त्री चालू राहिली. अंधारात टॉर्च आडवा धरल्यावर गंजातून उठून दिसलेला ‘2’ हा आकडाही सालाचा नाही. असे आकडे सहसा आकाराचे किंवा वजनाचे असतात.

मग हे खेळणे की कामाची वस्तू? या घडणीच्या लहान इस्त्र्या मुलींना खेळायलाही मिळत, आणि कॉलर, बाह्या, लेस यांसाठीही छोटी इस्त्री लागे. आमच्या इस्त्रीच्या तळाच्या कडा झिजून गोलसर झाल्या आहेत, बारीक ओरखडे लांबीच्या दिशेने गेले आहेत, आणि एक टोक दुसऱ्यापेक्षा अधिक गुळगुळीत आहे. यावरून ती खरोखर तापवून वापरली गेली असे माझे मत झाले आहे.

याच खुणांपायी मी तिला तारेचा ब्रश लावला नाही. कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात दिला आणि सोबतच्या चिठ्ठीवर ‘1871 नंतरची, वापरातली’ असे लिहून ठेवले.