ढोल मागं घ्या, काकाजी

9 ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या एका गावात माझा साउंड होता. रोवणी आटपत आलेली, मंडप गळून राहिला होता, मिक्सरवर ताडपत्री. आमचं अर्धं काम वायरी पाण्यापासून वाचवायचं, उरलेलं माइक संयोजकांपासून. जो येतो तो टकटक करून फुंकतो.

चार पोट्टे गोंडीत रॅप म्हणणार होते. व्हिडिओत पाहून हे सगळे माइकची जाळीच मुठीत धरतात. जाळी झाकली की माइक चारही बाजूंचा आवाज ओढतो आणि मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडं तोंड केलेला स्पीकर, कुई करतो. मी जाळीखाली काळी टेप गुंडाळली : बोटं याच्या वर न्यायची नाहीत. बीट, म्हणजे मागचं तयार संगीत, मोबाइलवर होता. त्यातला किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा धप्पा, आणि बाजूच्या ढोलाचा घुमारा एकमेकांवर आदळत होते. ट्रॅकमधून 80 हर्ट्झच्या आसपासचं कापलं, तेव्हा दोन्ही सुटे झाले. हे कोणाला कळत नाही, कुई झाली की मात्र सगळे मागं वळून पाहतात.

गाणं जंगलाच्या हक्काचं. आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा, 2006 चा वनहक्क कायदा, 2009 मध्ये मेंढा-लेखा गावाला जंगलावर मिळालेला सामूहिक हक्क. सालं थेट धृपदात. पाहुणे मोबाइलमध्ये.

आणि ऐन कडव्यात बीटच्या मोबाइलवर फोन आला! कॉलम स्पीकरमधून रिंगटोन. फ्लाइट मोड सांगून सांगून थकलो मी. पण म्हणणारा पोरगा थांबला नाही. ढोलवाल्यानं त्याचा ठेका धरला, पोरानं चाल सैल केली, आणि रेला हा गोंडी नाच नाचायला उभ्या असलेल्या बाया श्वासाच्या जागी 'रे रेला' भरू लागल्या. मी निवेदकाचा माइक ओढून ढोलापुढं ठेवला. निवेदक अजून रागात आहे.

पोट्टे रेकॉर्डिंग न्यायला आले, तर त्यांना बीटवालाच भाग पाहिजे. मी म्हटलं, "अरे, खरं तर ढोलावर जमलं."

"रेला गावात आहेच जी. हे आम्हाला पुण्या-मुंबईच्या पोट्ट्यांना ऐकवायचं आहे. बीटमागं ढोल राहू द्या, पण मागं घ्या, काकाजी."

मी वाद घातला. तुमचं अस्सल ते हेच, वगैरे. त्यांच्यातल्या एकानं शांतपणे विचारलं, "तुमच्या पोराच्या लग्नात डीजे होता. डफडं का नाही बोलावलं?"

मी मिक्सरवरची ढोलाच्या आवाजाची पट्टी खाली ओढली. तो म्हणाला, अजून थोडी.