ऊन फुकट, बिल मात्र तेवढंच

सोलरचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, अरे जगातली सगळ्यात स्वस्त वीज ना ही, मग बिल का कमी होत नाही? प्रश्न रास्त आहे, पण 'कंपन्या लुटतात' म्हणून आपण तो तिथेच मिटवून टाकतो. लुटत असतीलही, तो वेगळा विषय. पण उद्या सगळ्या वीज कंपन्या हरिश्चंद्राचे अवतार झाल्या तरी बिल आपोआप उतरणार नाही, कारण पॅनल स्वस्त होणं आणि वीज स्वस्त होणं यात बरंच अंतर आहे.

पॅनल स्वस्त झालेत यात वाद नाही. 2010 ते 2020 मध्ये किंमत साधारण 90 टक्के पडली. श्रेय चीनच्या कारखान्यांना जातं आणि ते बरोबरच आहे, पण त्या कारखान्यांना सुरुवातीचं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते जर्मनीत. 2000 साली तिथे कायदा झाला की छपरावरची वीज ग्रिडने (म्हणजे सगळीकडे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्याने) घ्यायचीच, तीही ठरलेल्या दराने 20 वर्षं, आणि तो दर सुरुवातीला युनिटला 50 सेंटच्या आसपास होता, मग ढगाळ हवेतसुद्धा लोकांनी पॅनल लावले नसते तरच नवल. खर्च सरकारी तिजोरीतून नाही केला, सगळ्यांच्या वीजबिलात अधिभार लावला. 2017 मध्ये तो युनिटला 6.88 सेंटवर गेला होता, आणि भरपूर वीज खाणाऱ्या मोठ्या उद्योगांना त्यातून सूट. म्हणजे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूस, ज्याला स्वतःचं छप्परच नाही, तो बंगलेवाल्याच्या पॅनलचे पैसे भरत होता. जुलै 2022 पासून हा अधिभार शून्य झाला आणि भार सरकारने घेतला. मला ते धोरण आजही मोठं वाटतं, जगाला त्याचा फायदा झाला, पण पैसे कुणाच्या खिशातून गेले हे कुणी फारसं सांगत नाही.

आता व्याज. हा मुद्दा बोअर आहे म्हणून सगळे टाळतात आणि खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. गॅसच्या प्लांटला उभारणीचा खर्च त्यामानाने कमी, मग आयुष्यभर इंधन विकत घ्या. सोलर आणि पवनचक्कीचं उलटं, गाडी घेतानाच 25 वर्षांचं पेट्रोल भरून घेतल्यासारखं. त्यामुळे पैसा किती टक्क्याने मिळतो यावर सगळं ठरतं. समजा प्रकल्पाला 100 लागले (रुपये, डॉलर, काय हवं ते धरा) आणि ते 25 वर्षांत फेडायचेत, तर 3 टक्के व्याजाने वर्षाचा हप्ता 5.74 येतो आणि 10 टक्क्याने 11.02. पॅनल तेच, ऊन तेच, युनिटमागचा भांडवली खर्च जवळपास दुप्पट. गरीब देशांत ऊन भरपूर असून सोलर महाग पडतो तो इथे, कारण तिथे कर्ज महाग.

2023 मध्ये ब्रिटनने हे चारचौघांत अनुभवलं. त्यांच्याकडे लिलावात प्रकल्पाला एक पक्का दर मिळतो, बाजारभाव त्याखाली गेला तर फरक भरून मिळतो आणि वर गेला तर कंपनीने वरचे पैसे परत द्यायचे. पद्धत चांगली आहे, धोका कमी म्हणून कर्ज स्वस्त. पण त्या वर्षी व्याजदर आणि साहित्याचे भाव वाढलेले असताना समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी कमाल दर ठेवला मेगावॅट-तासाला, म्हणजे 1000 युनिटला, 44 पौंड (2012 च्या किमतींत), आणि बोली किती आल्या? एकही नाही. पुढच्या फेरीत कमाल दर 73 केला, मग आल्या. सरकारला 'बघा किती स्वस्तात मिळवलं' म्हणायचं होतं, त्या नादात समुद्रातल्या पवनचक्क्यांची एक अख्खी फेरी वाया गेली.

बरं, प्रकल्प उभा राहिला असं धरू. आता ती वीज कधी येते? दुपारी. सगळ्यांची एकदमच येते. कॅलिफोर्नियाच्या ग्रिडवाल्यांनी 2013 मध्येच आलेख काढून दाखवला होता, दुपारी सोलर सोडून उरलेली मागणी खोल खाली बसते आणि सूर्य कलला की काही तासांत अशी उसळते की बाकीच्या प्लांटना धावपळ करावी लागते. जर्मनीत 2024 मध्ये 457 तास घाऊक भाव शून्याच्या खाली होता, म्हणजे वीज घ्या आणि वर पैसेही घ्या. आणि संध्याकाळी? युरोपातल्या बाजारात सगळे आपापला दर टाकतात, स्वस्तापासून महागापर्यंत रांग लागते आणि मागणी भागवणारा शेवटचा प्लांट ज्या दराने येतो तोच दर सगळ्यांना मिळतो. हा शेवटचा प्लांट बऱ्याचदा गॅसचा असतो. म्हणून युक्रेन युद्धानंतर गॅस भडकला तेव्हा वाऱ्याच्या विजेचाही भाव भडकला, वारा तेवढाच फुकट असून.

यावर बॅटरी हा उपाय आता कागदावरचा राहिलेला नाही. एप्रिल 2024 मध्ये कॅलिफोर्नियात एका संध्याकाळी काही वेळ बॅटऱ्या हाच ग्रिडचा सगळ्यात मोठा स्रोत होता, हे 10 वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर हसले असते लोक. पण बॅटरी 4 तासांची सोय करते, आठवडाभर वारा पडला तर नाही. आणि वीज लांबवर नेणारी लाईन? टेक्सासने 2005 च्या कायद्याने ठरवलं की वारा पश्चिमेकडे आहे तर आधी तिकडे लाईन टाकू, पवनचक्क्या येतील मागून, आणि जवळपास 7 अब्ज डॉलरचा खर्च सगळ्या ग्राहकांत वाटला. आल्या पवनचक्क्या. उलट ब्रिटनमध्ये स्कॉटलंडच्या पवनचक्क्या बंद ठेवायला पैसे देतात आणि त्याच वेळी इंग्लंडमध्ये गॅस प्लांट चालवायलाही देतात, कारण मधली लाईन पुरत नाही. ग्राहक दोन्हीकडून भरतो. पवनचक्कीच्या उद्घाटनाला फीत कापायला नेते येतात, लाईनला कोण येणार.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पाकिस्तानच्या प्रकाराची. तिथे खासगी वीज प्लांटशी करार असे आहेत की वीज घ्या किंवा न घ्या, तयार क्षमतेचे पैसे द्यावेच लागतात, त्यातले बरेच डॉलरशी बांधलेले. रुपया घसरला, दर चढले, आणि लोकांनी सरकारची वाट न बघता छपरावर चिनी पॅनल टाकायला सुरुवात केली. 2024 या एका वर्षात सुमारे 17 गिगावॅटचे पॅनल आयात झाले. क्रांतीच म्हणायची. पण ज्याला परवडतं तो ग्रिडची वीज कमी घेतो, प्लांटचे पैसे मात्र तेवढेच द्यायचेत, मग ते उरलेल्यांवर वाटले जातात, दर आणखी चढतो, मग आणखी लोक पॅनल घेतात. शेवटी ग्रिडवर उरतो तो ज्याला पॅनल घेणं शक्यच नाही. आणि पॅनलवाला रात्री त्याच ग्रिडवर येतो बरं का.

यावर अधिकाऱ्यांचं लाडकं उत्तर म्हणजे बिलातला स्थिर आकार, म्हणजे वीज कितीही वापरा, दरमहा द्यावीच लागणारी रक्कम, वाढवा. हिशोबाने ते बरोबर आहे, तारा आणि ट्रान्सफॉर्मर काही युनिटवर झिजत नाहीत. पण दोन बल्ब लावणाऱ्यालाही तोच आकार लावला तर पुन्हा तोच माणूस भरडला जातो. म्हणून स्थिर आकार मंजूर भारावर लावा, ज्याला एकदम दहा किलोवॅट खेचायचेत त्याने त्याप्रमाणे द्यावं, आणि वीज घ्यायचा आणि विकायचा दर तासाप्रमाणे ठेवा. दुपारी विकलेलं एक युनिट आणि रात्री घेतलेलं एक युनिट असं सरळ वजा करणं सुरुवातीला ठीक होतं, आता नाही. पॅनलवाल्यांना हे आवडत नाही. कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 मध्ये नव्या ग्राहकांसाठी विक्रीचा दर साधारण तीन चतुर्थांश कापला तेव्हा जी बोंबाबोंब झाली ती झालीच, पण तेव्हापासून नवीन पॅनलसोबत बॅटरी घेणारे वाढले, म्हणजे किमतीचा इशारा लोकांना बरोबर कळतो.

ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलेली योजना म्हणूनच मला आवडली. जुलै 2026 पासून काही राज्यांत कंपन्यांनी दुपारचे निदान 3 तास वीज फुकट द्यायची, छप्पर असो नसो, फक्त स्मार्ट मीटर हवा. वॉशिंग मशीन, गिझर, गाडीचं चार्जिंग तेव्हा लावा. दुपारी घरी कोण असतं हा प्रश्न आहेच, पण टायमर लावायला घरी असावं लागत नाही, आणि आता बाकीच्या तासांचे दर कंपन्या गुपचूप किती वाढवतात तेवढं बघायचं.