माझा अनुभव : मोकळा सायलेन्सर, नवा मॅप आणि माळावरचा चढ

खटाव तालुक्यात आमच्या भावकीचा माळ आहे. खाली मुरूम, वर विरळ कुसळं. गेली तीन वर्षं तिथे चुन्याने रंगवलेले दगड मांडून आम्ही मोटरसायकल पळवायला सव्वा किलोमीटरचा फेरा आखलाय. फेऱ्याच्या शेवटी एक डावं वळण आहे आणि वळणातून सुटल्या सुटल्या चाळीसेक पावलांचा खडा चढ. वळणात गाडी मंदावलेली असते, चढाआधी वेग घ्यायला जागा नसते. दुसऱ्या गियरात इंजिन ४,००० आरपीएमच्या आसपास असतं. तिथून ते ओढतं की गुदमरतं, एवढ्यावर अख्खा फेरा ठरतो.

गाडी हिरो एक्सपल्स २०० ४व्ही. १९९.६ सीसी, चार व्हॉल्व्ह. कंपनीचा आकडा ८,५०० आरपीएमला १९.१ पीएस (जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर) आणि ६,५०० ला १७.३५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर. हे आकडे मला तोंडपाठ होते, पण माझा चढ ४,००० वर आहे आणि तिथे इंजिन किती ताकद देतं हे कुठल्याच कागदावर छापलेलं नसतं. हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. सुचला नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत मी नवा एक्झॉस्ट मागवला.

पूर्ण सिस्टीम होती, म्हणजे इंजिनापासूनचा बेंडपाइप आणि मागचा डबा. मोठ्या व्यासाचा, हलका, आत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, नाही. इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. असा एक्झॉस्ट लावून गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही आणि आवाज-धुराच्या नियमभंगाला कलम १९०(२) लागतं. मी हा एक्झॉस्ट फक्त माळावर वापरतो. साताऱ्याहून नेताना गाडी छोटा हत्तीत टाकतो, रस्त्यावर चालवायची असेल तर मूळ सायलेन्सर परत बसवतो. बोल्ट काढण्या-लावण्यात पाऊण तास जातो, जाऊ दे. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यावर मोकळे सायलेन्सर वाजवत जाणारी पोरं बघितली की मला मनापासून वाईट वाटतं. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ पासून जागतिक वारशात असलेलं पठार आहे ते, तिथे आपल्या हौसेचा गोंगाट कशाला?

तर, एक्झॉस्ट लावला. आवाज भरदार झाला आणि मला वाटलं गाडी पळायला लागली. पुतण्या मोबाइलवर वेळ लावत होता. मूळ सायलेन्सरवर माझा सरासरी फेरा १ मिनिट ५२ सेकंदांचा होता. नव्यावर पाच फेरे मारले, सरासरी निघाली १ मिनिट ५५.

"काका, घड्याळ बरोबर आहे," तो म्हणाला. मी परत पाच फेरे मारले. तेच.

वरच्या सपाटीवर गाडी खरंच मोकळी पळत होती, पण चढावर ती मरत होती. थ्रॉटल उघडला की क्षणभर पोकळी यायची, मग इंजिन सावरायचं, तोवर चढ अर्धा झालेला असायचा. शिवाय थ्रॉटल सोडला की मागून फटाके फुटायचे आणि गाडी पेट्रोलही जास्त पिऊ लागली होती.

गोडोलीतल्या अण्णांकडे गेलो. कार्ब्युरेटरच्या काळापासून ते गाड्या हाताळतात. त्यांनी गाडी चालू करायला लावली, बेंडपाइपच्या सांध्याजवळ कान नेला आणि म्हणाले, "आरं, आवाज वाढला म्हंजी ताकद वाढली व्हय? आधी ही गळती बघ." इंजिन गार झाल्यावर सांध्याला साबणाचं पाणी लावलं, मागून डब्याच्या तोंडातून हवा भरली. बुडबुडे आले. गॅस्केट नीट बसलंच नव्हतं.

या छोट्या गळतीचा परिणाम मला तेव्हा कळला. एक्झॉस्टमधला वायू धार धरून जात नाही, तो ठोक्या-ठोक्याने जातो, आणि दोन ठोक्यांच्या मधे पाइपात दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. एक्झॉस्टमधला ओ-टू सेन्सर तो जादा ऑक्सिजन पकडतो, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय आणि तो पेट्रोल वाढवतो. त्यामुळे गाडी खर्चिक झाली होती. फटाक्यांनाही तीच हवा कारण होती. नवं गॅस्केट घातलं, सांधा घट्ट केला. फटाके जवळजवळ थांबले, पेट्रोल जागेवर आलं. ज्याला मॅपिंग, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगीचं गणित नव्याने बसवणं, करायचंय त्याने आधी हे तपासावं असं मी आग्रहाने सांगेन, कारण गळक्या एक्झॉस्टवर केलेला मॅप खोट्या मापावर बेतलेला असतो.

पण चढावरची पोकळी तशीच राहिली.

नेटवर आमच्या गाडीसाठी तयार मॅप मिळत होते. पिगीबॅक बसवायचा, म्हणजे मूळ ईसीयू आणि पेट्रोल सोडणारा इंजेक्टर, ठिणगीची कॉइल यांच्या मधे जोडायची छोटी पेटी, आणि त्यात ती फाइल टाकायची. मी टाकून बघितली. वरच्या आरपीएमला थोडा फरक पडला, खाली गाडी जड झाली. तो मॅप ज्या एक्झॉस्टवर, ज्या हवेत बनला तो माझा एक्झॉस्ट नव्हता. सातारा शहरच समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर आहे. दर हजार फुटांना इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे इथे समुद्रकाठच्या मानाने सात टक्के आधीच गेलेले असतात. शेवटी जानेवारीत पुण्यातल्या एका डायनोवाल्याकडे वेळ घेतली. डायनो म्हणजे रोलरवर गाडी पळवून ताकद मोजायचं यंत्र. त्याने फोनवर एवढंच सांगितलं, "दादा, मूळ सायलेन्सरही सोबत आणा." खंबाटकीचा घाट उतरताना छोटा हत्तीत मागे गाडी आणि तिच्या बाजूला पोत्यात गुंडाळलेला सायलेन्सर होता.

गाडीचं मागचं चाक रोलरवर, पुढचं पट्ट्याने बांधलेलं. आधी मूळ सायलेन्सरवर मोजणी झाली. चाकावर १५.६ हॉर्सपॉवर. १९ ऐवजी १५ बघून मी चपापलो, पण कंपनीचा आकडा इंजिनाच्या शाफ्टवरचा असतो. गिअरबॉक्स, चेन आणि टायर आपला वाटा घेतात. मग नवा एक्झॉस्ट लावून मोजलं. सर्वोच्च आकडा १५.९ आला. एवढा खर्च करून वाढ फक्त ०.३. आणि पडद्यावर ३,५०० ते ५,००० च्या मधे टॉर्कच्या रेषेला खळगा पडलेला. माझा चढ नेमका त्या खळग्यात होता.

ट्यूनर वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, पण त्याने कागदावर काढून समजावलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून निघते. जिथे पाइप रुंद होतो किंवा संपतो तिथून ती उलटून परत येते, आणि परतताना कमी दाबाची झालेली असते. मिश्रण आत घेणारे आणि जळका वायू सोडणारे, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतानाच ती इंजिनाशी पोचली तर जळका वायू बाहेर खेचते आणि ताजं मिश्रण आत ओढते. भलत्या वेळी पोचली तर उलट होतं, जळका वायूच आत ढकलला जातो. ही वेळ पाइपाच्या लांबीवर ठरते. आखूड आणि रुंद पाइप वरच्या आरपीएमला साथ देतो, लांब आणि बारीक पाइप खालच्या. माझा पाइप सपाट ट्रॅकवर वरच्या आरपीएमला पळणाऱ्यासाठी होता.

"मग मॅपने खळगा भरेल ना?" मी विचारलं.

"थोडा भरेल. पण मॅप हवा वाढवू शकत नाही, दादा. जेवढी हवा आत आली तेवढ्यालाच पेट्रोल आणि ठिणगी जुळवता येते."

हे वाक्य ऐकूनही मी त्या दिवशी मॅप करून घेतला, आणि बरं झालं, कारण पुढचं सगळं बघायला मिळालं. मॅप म्हणजे आकड्यांचा तक्ता. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल किती टक्के उघडलाय ते. प्रत्येक घरात पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करायचं ते. रोलरला ब्रेक लावून तो गाडी एकेका घरात धरायचा, म्हणजे ४,००० वर ४० टक्के थ्रॉटल, ४,५०० वर ४० टक्के, आणि एक्झॉस्टमध्ये घातलेल्या, मिश्रण नेमकं मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरचं वाचन बघून आकडा बदलायचा. पूर्ण थ्रॉटलला नव्या एक्झॉस्टवर लॅम्डा १.०२ दिसत होता, म्हणजे पेट्रोल अपुरं. ताकदीसाठी तो ०.८७ च्या आसपास लागतो. हवा-पेट्रोलचं १४.७ ला १ हे प्रमाण आपण ऐकलेलं असतं, ते शुद्ध पेट्रोलचं. आपल्या पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ते साडेतेराच्या जवळ येतं. त्यामुळे तो लॅम्डातच बोलत होता, तिथे १ म्हणजे कुठल्याही इंधनाला नेमकं पुरेसं.

मंद, एकसारख्या थ्रॉटलची घरं त्याने मुद्दाम सोडून दिली. तिथे मूळ ईसीयू ओ-टू सेन्सर बघून स्वतःच मिश्रण दुरुस्त करतो, आपण पेट्रोल वाढवलं तरी तो कमी करून टाकतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र तो सेन्सरकडे बघत नाही, आपल्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो. नुसता एक्झॉस्ट बदलल्यावर गडबड तिथे दिसते ती यामुळे.

मग ठिणगी. मधल्या आरपीएमला ठिणगी दोन अंश आधी केली तर टॉर्क वाढला. आणखी एक अंश दिला, रेषा हलली नाही. तो लगेच मागे आला. टॉर्क वाढायचा थांबला की पुढचा प्रत्येक अंश फक्त उष्णता आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं आपोआप भडकणं, देतो, आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा तो आवाज चढावर हेल्मेटमध्ये ऐकूही येत नाही. शेवटी १६.८ हॉर्सपॉवर. खळगा अर्धा भरला. अर्धा उरला.

परत अण्णांकडे. कागदावरची लाट त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "म्हंजी पाइप लांब कर म्हनतोय." एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून स्टीलचा नवा बेंडपाइप वाकवून आणला, आतून ३ मिलिमीटर बारीक, ९ सेंटीमीटर लांब. वेल्डिंग त्यांनी स्वतः केलं आणि पाइपाच्या आत आलेलं वेल्डचं टोक घासून साफ केलं. वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ त्या घासण्याला लागला. पैसे फक्त मटेरियलचे घेतले. मी कंदी पेढे नेले, ते मात्र त्यांनी आनंदाने घेतले.

फेब्रुवारीत पुन्हा डायनो. या वेळी नव्या पाइपासाठी तक्ता पहिल्या घरापासून परत भरावा लागला, कारण हवा बदलली होती. सर्वोच्च आकडा १६.५ आला, आधीपेक्षा ०.३ कमी. पण ४,००० वर टॉर्क मूळ सायलेन्सरपेक्षाही जवळपास एक न्यूटन-मीटर जास्त, आणि रेषा सरळ. ट्यूनरने विचारलं, वरची पॉवर थोडी गेली, चालेल? मी म्हटलं, हेच हवंय.

डायनोच्या दोन्ही खेपांचा, पाइपाचा आणि पेटीचा खर्च जोडला तर त्यात सस्पेन्शनचं चांगलं काम झालं असतं. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, ४० दातांच्या जागी ४३ चं बसवलं तर चाकावरचा टॉर्क साडेसात टक्क्यांनी वाढतो, वरचा वेग जवळपास तेवढाच घटतो, आणि त्याला डायनो लागत नाही. नव्याने माळावर येणाऱ्या पोरांना मी आता आधी स्प्रॉकेट सांगतो.

त्या रविवारी माळावर गेलो. एअरफिल्टरचा फोम तेल लावून बसवला, कारण तिथली धूळ एका दिवसात फिल्टर पांढरा करते. पहिला फेरा सावकाश मारला. दुसऱ्या फेऱ्याला वळणातून निघताना दुसरा गियर, ४,००० आरपीएम, थ्रॉटल पूर्ण. पोकळी आली नाही. मागच्या चाकाने मुरूम उडवला आणि गाडी चढाच्या माथ्यावर पोचली, क्लचला हात न लावता.

पुतण्याने मोबाइल वर करून दाखवला. १ मिनिट ४८.