कंपूची पहिली पलटण

रविवार, रात्री साडेअकरा

आज शेवटी तो खोका उघडलाच. वॉटर्लूच्या लढाईचा पट मांडायला घेतलेल्या इंग्रज पायदळातली २४ माणसं उरली होती. २८ मिलिमीटरची, प्लॅस्टिकची, तीन वर्षं तशीच पडून. त्यांची शिंद्यांची पलटण करायची. लढाई असईची, मराठे विरुद्ध इंग्रज, २३ सप्टेंबर १८०३.

लेक शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, ही तर इंग्रजांची माणसं ना?" तिला सांगितलं, म्हणूनच तर जमतंय. महादजींनी द बॉयन या युरोपी अंमलदाराकडून जे कंपू, म्हणजे कवायती पलटणींच्या मोठ्या तुकड्या, उभे करून घेतले, त्यांची कवायत युरोपी, हातात संगिनीची बंदूक, छातीवर पट्टे. खांदे, हात, बंदूक धरायची ढब, काहीच बदलावं लागत नाही. बदलायचं ते डोकं आणि पाय.

डोक्यावरच्या उंच टोप्या भुवईपर्यंत कापल्या. पहिल्या दोघांची मानच तुटली, कारण पातं बोथट होतं. नवं पातं लावल्यावर हात बसला. मग एम-सीलचे दोन्ही भाग एकजीव होईपर्यंत मळले आणि ओल्या काचेवर बोटाने वळून शेवयांसारखे धागे केले. एक धागा कपाळावरून तिरपा, दुसरा त्याच्यावरून उलटा, टोक मागे खोचलेलं. घट्ट व्हायच्या आत सुईने पिळाच्या रेघा ओढल्या. सातव्या डोक्यावर पगडी खरीखुरी बांधल्यासारखी दिसली. भिंगातून कितीतरी वेळ पाहत राहिलो.

पाय अवघड आहेत. पायजमा मांडीपर्यंत तासून जांघिया करायचा, खाली उघडी पोटरी कोरायची. आज सहाच झाले. डगले तांबडेच ठेवणार. गोरा अंमलदार एकच करणार, कंपूंचा सेनानी पोलमन, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. युद्धाच्या तोंडावर कंपूंतले बरेच इंग्रज अंमलदार नोकरी सोडून गेले होते, मग पटावर त्यांची गर्दी कशाला?

आपल्याकडे मराठी फौज म्हटलं की घोडा आणि भाला. कंपू हा शब्द तर टोळक्यापुरताच उरलाय. पण असईला केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात इंग्रजांचा सेनापती वेलस्लीला खरा मार बसला तो तोफांचा. गावाजवळ त्याची ७४ वी हायलँडर पलटण पार चिरडली गेली. त्याच्याकडची माणसं मेली, जखमी झाली, बेपत्ता झाली, ती मिळून दीड हजारांवर. आणि शिंद्यांचे ते तोफा डागणारे गोलंदाज! शत्रूची रांग अंगावरून पुढे गेली तेव्हा त्यांतले काही तोफांपाशी मेल्यासारखे पडून राहिले. मग उठून, तोंडं फिरवून, त्यांनी तिच्या पाठीवर पुन्हा तोफा डागल्या. त्या तोफा परत घ्यायला वेलस्लीला नव्याने चढाई करावी लागली. जालना जिल्ह्यातल्या त्या शेतांतून मी चाललोय. कपाशी होती. त्या माणसांपैकी एकाचंही नाव मला ठाऊक नाही.

म्हणून मान तुटलेले ते दोघे टाकले नाहीत. एकाला तोफेच्या चाकाशी पालथा चिकटवलाय, डोकं एम-सीलचं, गाल जमिनीला. उजवा हात कोपरातून कापून पुन्हा जोडला, तळवा मातीवर टेकवलेला, उठायच्या बेतात. डोळे उघडे रंगवायचे आहेत. उद्या दिवसाच्या उजेडात.